सुट्टीची घंटा आणि बादलीचं वजन

शाळेच्या व्हरांड्यात, मोठ्या बाईंच्या खोलीच्या दाराशी, एक पितळी थाळी टांगलेली होती. बोटभर जाड, आणि मार खाऊन खाऊन मधोमध खळगा पडलेली. शेजारच्या खुंटीला लाकडी हातोडा. त्या हातोड्याची मूठ एकाच माणसाच्या तळव्यानं गुळगुळीत झाली होती, तो माणूस म्हणजे शाळेचे शिपाई. त्यांना सगळे मामा म्हणत. पहिलीतलं पोर मामा म्हणे आणि त्याला सोडायला आलेला बापही मामाच म्हणे, कारण बापानंही याच शाळेत, याच थाळीच्या तालावर पाढे म्हटलेले. घरी बायको चिडली की तीसुद्धा म्हणायची, "या, शाळेचे मामा आले."

मामांचा स्वभाव तसा मायाळू, पण विश्वास ठेवायचं म्हटलं की हात आखडता. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचं, दहा पावलं गेल्यावर परत यायचं आणि चौथ्यांदा ओढायचं. नळ बंद केला तरी त्याच्याकडे वळून बघायचं, जणू पाठ फिरताच तो ठिबकायला लागेल. मनगटावर घड्याळ असायचं, पण तबकडी आतल्या बाजूला, तळव्याकडे. दुसऱ्या कुणी आपल्या घड्याळात डोकावलेलं त्यांना आवडत नसे.

त्याला कारण होतं. मामा घड्याळाप्रमाणे घंटा देत, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं, आणि ते खरं नव्हतं. सकाळच्या घंटा वेळेवर. मधली सुट्टी संपल्याची घंटा मात्र मामा घड्याळाकडे न बघता व्हरांड्याच्या पायऱ्यांकडे बघून देत. त्या पायऱ्यांवर पहिलीची मुलं डबा खायला बसत. सुट्टी पंचवीस मिनिटांची. त्यातली दहा मिनिटं त्या पोरांची डब्याचं झाकण उघडण्यात, कुणाच्या डब्यात काय आहे ते बघण्यात आणि नळावर ढकलाढकली करण्यात जायची. घास खऱ्या अर्थानं सुरू व्हायचा तेव्हा सुट्टी संपत आलेली असायची. मग मामा हातोडा हातात घेऊन थाळीपाशी उभे राहत आणि वाट बघत. शेवटचं झाकण लागलं की टोल. कधी दोन मिनिटं जास्त, कधी चार, कधी सहा.

ही मिनिटं काही आभाळातून पडत नसत. मामा ती दुपारच्या चार तासांतून काढून घेत. पाचव्या तासातून एक, सहाव्यातून एक, असं करत करत शाळा सुटायच्या घंटेला घड्याळ आणि थाळी पुन्हा एका जागी येत. वीस वर्षं हे चाललं होतं आणि कुणाच्या बापाला कळलं नव्हतं.

सुरुवात झाली होती त्यांच्या मुलीपायी. ती पहिलीत असताना भारी सावकाश जेवायची. एक घास, मग पायरीवरची मुंगी, मग दुसरा घास. अर्धा डबा घरी परत यायचा आणि ती आईची बोलणी खायची. एके दिवशी मामांनी हातोडा उचलला, तिच्या गालातला घास बघितला आणि हातोडा तसाच धरून ठेवला. पुढच्या वर्षी ती दुसरीत गेली, वरच्या मजल्यावर जेवायला लागली. पण तोवर पायरीवर दुसरी कुणाची तरी सावकाश जेवणारी मुलगी बसलेली होती. आता मामांची मुलगी परगावी दवाखान्यात परिचारिका होती आणि तिची आई म्हणायची की आता ती उभ्याउभ्या पाच मिनिटांत जेवते, कसला स्वाद नि कसलं काय.

मामांच्या मनात मात्र एक काटा राहिला होता. शाळेची मिनिटं आपण आपल्या लेकीसाठी काढली. पुढे ती सगळ्यांच्या लेकरांच्या कामी आली ती आली, पण पहिलं मिनिट आपलंच होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तोवर हे कुणाला न कळता पार पडावं, एवढीच त्यांची इच्छा.

आणि तेव्हाच शाळेत नवे सर आले.

नवे सर विज्ञान शिकवायचे, म्हणजे खरं तर शिकवायचेच नाहीत, असं शिक्षकांच्या खोलीत म्हटलं जाई. वर्गात उभं राहून बोलायचं सोडून ते मुलांना एकेक प्रश्न देऊन बाहेर सोडत. वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात पंखा असूनही जास्त का उकडतं. ग्रंथालयातली कुठली पुस्तकं कुणी उघडलेलीच नाहीत. मुलांनी चार-चारच्या गटानं हिंडायचं, मोजायचं, लोकांशी बोलायचं आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सभागृहात सगळ्यांसमोर मांडायचं. कुणी सरांना काही विचारलं की सर उलट विचारत, "तुला काय वाटतं?" मुलांनी त्यांचं नाव प्रश्नसर ठेवलं. मामांनी त्यांच्याकडे पहिल्याच दिवशी ठिबकणाऱ्या नळाकडे बघावं तसं बघितलं.

एका सोमवारी मधल्या सुट्टीत सहावीच्या चार मुली पायऱ्यांपाशी येऊन उभ्या राहिल्या. पुढे होती ती चष्मेवाली, नाकावरचा चष्मा दर वाक्याला वर सरकवणारी, हातात आखलेली वही. तिच्यामागे एक उंचाडी, प्रयोगशाळेतला ताणकाटा खांद्यावर टाकून. उरलेल्या दोघी उष्ट्याची बादली धरून. पायऱ्यांच्या टोकाला पहिलीच्या मुलांसाठी ही बादली ठेवलेली असे. सुट्टी संपल्यावर मुलींनी ती ताणकाट्याला अडकवली, आकडा वाचला आणि चष्मेवालीनं तो वहीत लिहिला. मग ती वळली आणि मामांच्या हातातल्या हातोड्याकडे बघून तिनं आणखी काहीतरी लिहिलं.

मामांनी हातोडा पाठीमागे धरला.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. बुधवारी तर चष्मेवालीच्या गळ्यात थांबघड्याळ होतं, शर्यतीच्या वेळी खेळाचे सर वापरत ते. मामांनी तिला गोड आवाजात विचारलं की बाळ, हे काय चाललंय.

"उष्ट्याचं वजन करतोय," ती म्हणाली.

"कशाला गं?"

"ते सांगायचं नाही. सर म्हणालेत, पक्कं कळेपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही."

मामा हसले, पण आतून ते हसले नव्हते. उष्ट्याचं वजन. सहावीच्या मुलींना काय दुसरे उद्योग नाहीत, की सगळी शाळा सोडून उष्ट्याचं वजन करतील. त्यासाठी थांबघड्याळ कशाला लागतं. कुणाला शेंडी लावता? बादली हा नुसता बहाणा होता. खरा काटा आपल्यावर रोखलेला आहे, हे मामांनी ओळखलं.

त्यातून भाऊसाहेबांनी भर घातली. भाऊसाहेब म्हणजे शाळेचे कारकून, कानामागे पेन खोचून बसणारे आणि शाळेतली प्रत्येक बातमी स्वतःच्या टेबलावरून पुढे पाठवणारे. त्यांनी मामांना बोलावून घेतलं, दाराकडे एकदा बघितलं आणि खणातून एक चकचकीत पत्रक काढलं. विजेची घंटा. एकदा वेळा भरून दिल्या की वर्षभर आपोआप वाजते. शाळा समितीच्या अध्यक्षांनी स्वतः आणून दिलं होतं ते, आणि शनिवारी मुलांचे प्रकल्प बघून झाले की समितीत त्याचाच विषय होता.

"माणसाच्या घंटेत चूक होते, असं अध्यक्षांचं म्हणणं," भाऊसाहेब म्हणाले. "मी म्हटलं, आमच्या मामांची एका मिनिटाची चूक दाखवा."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, बघू."

हा 'बघू' मामांच्या डोक्यात दिवसभर वाजत राहिला. सगळं जुळत होतं. अध्यक्षांना पुरावा पाहिजे. पुरावा गोळा करायचा तर मुलांइतकं सोयीचं कोण? लेकरांवर कुणी संशय घेत नाही. प्रश्नसरांची नेमणूकही अध्यक्षांच्याच शिफारशीनं झाली, असं भाऊसाहेबच मागे म्हणाले होते. मामा तडक सरांना गाठून म्हणाले की त्या मुली माझ्या घंटेची वेळ लिहून घेतात, ते का.

सरांनी मान तिरकी केली. "तुम्हाला काय वाटतं, मामा?"

मामांना जे वाटत होतं ते बोलण्यासारखं नव्हतं. ते किल्ल्यांचा जुडगा वाजवत निघून गेले.

पुढच्या सोमवारपासून मामांनी घड्याळाची तबकडी बाहेरच्या बाजूला फिरवली. पंचविसावं मिनिट भरलं की टोल. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. घ्या लिहून. चष्मेवालीनं थांबघड्याळाकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि भुवया वर करून लिहिलं. मामांना वाटलं, आपण तिच्या वहीत धोंडा टाकला.

पायऱ्यांवर मात्र गोंधळ उडाला. पहिलीतल्या एका पोरानं गालात घास घेऊनच मामांकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं, ओळखीच्या माणसानं अनोळखी आवाजात हाक मारावी तसं. मामांनी नजर खांबाकडे वळवली. झाडलोट करणाऱ्या मावशी दुपारी बादली उचलताना म्हणाल्या, "मामा, पोरांनी जेवण सोडलं की काय? हात मोडायची वेळ आली." मामा म्हणाले की आजकालच्या पोरांना घरचं गोड लागत नाही. मावशींनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, असं मामांना वाटलं. मग त्यांना हेही वाटलं की मावशीही त्यांना सामील असतील.

मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी हेच. घंटा चोख, बादली जड.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ते प्रयोगशाळेला कुलूप लावायला गेले. खिडकीच्या कट्ट्यावर ती आखलेली वही होती. कुणाची वस्तू वर्गात राहिली तर ती कपाटात ठेवायची, उघडायची नाही, हा मामांचा वीस वर्षांचा नेम. त्यांनी दाराकडे बघितलं आणि वही उघडली.

पानावर तीन रकाने होते. पहिल्यात वार. दुसऱ्याच्या डोक्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: मामा. त्याखाली पहिल्या आठवड्याचे आकडे, चार, सहा, दोन, पाच, तीन, प्रत्येकाआधी अधिकचं चिन्ह. दुसऱ्या आठवड्यात शून्य, शून्य, शून्य, शून्य. तिसऱ्या रकान्यातही काहीबाही आकडे होते, पण मामांना दिसलं ते फक्त स्वतःचं नाव आणि त्याखालची चोरी. सगळी मिनिटं मोजलेली. एक सुटलं नव्हतं.

त्यांनी ते पान फाडलं. घाईत ते नीट फाटलंही नाही, एक कोपरा वहीतच राहिला. पान चार घड्या करून खिशात घातलं, वही होती तशी कट्ट्यावर ठेवली आणि प्रयोगशाळेचं कुलूप ओढून बघायला विसरले.

घरी बायको शिवणयंत्रावर बसलेली होती. ती गल्लीतल्या बायकामुलांचे कपडे शिवायची. भिंतीवर खिळ्याला मापांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, आणि चिठ्ठीवर नुसते आकडे बघून ती सांगायची की ही बाई वर्षभरात सुटली की वाळली. मामांनी चहा अर्धा ठेवला तेव्हा तिनं पाय थांबवला.

"काय झालं? थाळी फुटली का?"

मामांनी आधी काही नाही म्हटलं, मग जरा कणकण वाटतेय म्हटलं, आणि मग खिशातलं पान काढून यंत्राच्या फळीवर ठेवलं. सगळं सांगितलं. अध्यक्ष, पत्रक, सर, थांबघड्याळ. लेकीपासूनची मिनिटंही सांगितली. ती त्यांनी वीस वर्षं बायकोलाही सांगितलेली नव्हती.

बायकोनं चष्मा लावून पान उजेडात धरलं, ग्राहकाचं माप वाचते तसं. बोट आधी दुसऱ्या रकान्यावरून फिरलं, मग तिसऱ्यावरून, मग दोन्हींवरून आडवं.

"अहो, हा तिसरा आकडा कशाचा?"

"असेल बादलीचा. तो बहाणा आहे."

"बहाणा कुणी इतका नीट लिहीत नाही." तिनं पान त्यांच्यापुढे सरकवलं. "हे बघा. तुम्ही सहा मिनिटं जास्त दिलीत त्या दिवशी बादली एक किलोची. पाच दिलीत तेव्हाही तेवढीच. दोन दिलीत तेव्हा दीड. आणि हे चार दिवस तुम्ही शहाणपणा केलात तिथे बघा. तीन. सव्वातीन. साडेतीन. तीन."

मामा बघत राहिले. आकडे तेच होते, पण आता ते एकमेकांकडे बोट दाखवत होते.

"पोरी तुमच्या मागावर नव्हत्याच," बायको म्हणाली. "पोरं का जेवत नाहीत ते शोधत होत्या. आणि शोधता शोधता तुमच्यापाशी पोचल्या."

"म्हणजे शेवटी माझ्यापाशीच ना?"

"तुमच्या चांगल्यापाशी. आणि ते चांगलं तुम्ही घड्या घालून खिशात आणलंत." ती पुन्हा यंत्राकडे वळली, पण तिनं चाक फिरवलं नाही. "आपल्या पोरीचा डबा अर्धा यायचा म्हणून मी तिला किती बोलले. मग एकाएकी रिकामा यायला लागला. मला वाटायचं, माझ्या बोलण्यानं सुधारली."

मामांना झोप लागायला वेळ लागला. पान परत दिलं तर शनिवारी ते सभागृहात भिंतीवर चिकटणार. अध्यक्ष वाचणार. वीस वर्षांची मिनिटं, मामा या नावाखाली. हातोडा गेला तर दोन वर्षं नुसत्या किल्ल्या सांभाळायच्या. पान नाही दिलं तर? कुणाला काही कळणार नाही. बादली तीन किलोची राहील, आणि सगळे म्हणत राहतील की आजकालच्या पोरांना घरचं गोड लागत नाही. ते वाक्य आपणच बोललो होतो, हे त्यांना आठवलं.

शुक्रवारी सकाळी चष्मेवाली आणि तिचा गट प्रयोगशाळेत वहीच्या उरलेल्या कोपऱ्याकडे बघत बसलेला होता. उंचाडीचे डोळे लाल झालेले. चष्मेवाली म्हणाली की आकडे साधारण आठवतायत, पण सर म्हणाले, आठवणीतला आकडा चालणार नाही.

मामांनी पान टेबलावर ठेवलं.

"कुठे सापडलं?" उंचाडीनं विचारलं.

"सापडलं नाही. मी फाडलं होतं."

मामांना वाटलं, आता एखादी रडेल किंवा सरांना बोलवायला धावेल. चष्मेवालीनं चष्मा वर सरकवला, पान कोपऱ्याला जुळवून बघितलं आणि पेन्सिल उचलली.

"मामा, एक विचारू? पहिल्या आठवड्यात तुम्ही जास्त वेळ दिलात. दुसऱ्यात एकदम शून्य. आम्हाला त्याचं कारणच मिळत नव्हतं. तुम्ही असं का केलंत?"

"तुम्ही बघत होतात म्हणून."

तिनं तेही लिहून घेतलं. मामांनी मान वाकवून खात्री केली. तिनं अगदी तेवढंच लिहिलं होतं, पुढे-मागे काही न जोडता.

मागे दारात प्रश्नसर उभे होते. किती वेळ, कोण जाणे. त्यांनी मुलींना सांगितलं की इथे तुमची चूक नाही, माझी आहे. कुणाला काही बोलू नका असं मी सांगितलं, त्यामुळे ज्या माणसाला सगळं ठाऊक होतं त्यालाच तुम्ही विचारलं नाहीत. मग मामांकडे वळून ते म्हणाले, "मामा, तुमचा रकाना उद्या लावू नका म्हणालात, तर नाही लावणार. पण मग मांडायला फारसं काही उरत नाही."

मामांनी या वेळी त्यांना गाठलं. "तुम्हाला काय वाटतं, सर?"

सर गोंधळले. बहुधा हा प्रश्न त्यांना कुणी परत केलेला नव्हता. मग ते म्हणाले, "मला वाटतं लावावा. पण नोकरी माझी नाही, तुमची आहे."

"लावा," मामा म्हणाले, आणि घंटेची वेळ झाली म्हणून बाहेर गेले. त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी तबकडी पुन्हा आत फिरवली. पाच मिनिटं. बादली एक किलोच्या जरा वर.

शनिवारी सभागृह भरलेलं होतं. पुढे समितीचे अध्यक्ष, मोठ्या बाई, मागे पालक. मामा दाराच्या कडीला हात लावून उभे होते, पळायचं झालं तर बरं म्हणून. उकाड्याचा प्रकल्प झाला, न उघडलेल्या पुस्तकांचा झाला, आणि मग चौघी मुली आल्या. भिंतीवर मोठा कागद, त्यावर तीच तीन रकान्यांची मांडणी. चष्मेवालीनं सांगितलं की प्रश्न मुळात मावशींचा होता. बादली कधी हलकी, कधी जड का असते, असं त्यांनी सरांना विचारलं होतं. मुलींना आधी वाटलं डब्यातल्या पदार्थांमुळे असेल, मग वाटलं नळावरच्या रांगेमुळे. ते दोन्ही खोटं ठरल्यावर त्यांनी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलेली घंटेची वेळ वजनाशी जुळवून बघितली. दुसऱ्या आठवड्यातल्या शून्यांपाशी तिनं जराही न अडखळता वाचलं: "या आठवड्यात मामांनी वेळेवर घंटा दिली, कारण आम्ही बघत होतो."

पालकांत हसू फुटलं. अध्यक्ष हसले नाहीत. ते खुर्चीत वळले.

"म्हणजे एरवी वेळेवर देत नाहीत?"

कुणी उत्तर द्यायच्या आत मामा कडी सोडून दोन पावलं पुढे आले. "नाही देत. फक्त त्या सुट्टीची. ती मिनिटं मी दुपारच्या तासांतून काढतो."

"किती दिवसांपासून?"

"वीस वर्षं झाली."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. मामांनी या बाईंना पंधरा वर्षं चहा दिला होता आणि त्यांच्या चष्मा काढण्याचे सगळे अर्थ त्यांना ठाऊक होते, पण हा आजचा कुठल्या यादीत बसेना.

"पाचवा तास मी घेते," बाई सावकाश म्हणाल्या. "पंधरा वर्षं घेतेय. मला दर वर्षी वाटतं, माझा धडा थोडासा उरतो, आपलीच काहीतरी चूक होतेय."

आता मागचे पालक मोकळेपणी हसले. बाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. मामांना त्यातून काही अंदाज येईना.

अध्यक्षांनी मात्र मुद्दा सोडला नाही. मुलींचं काम छान आहे, ते म्हणाले, आणि उपायही सोपा आहे. सरासरी चार मिनिटं होतात ना? विजेच्या घंटेत ती सुट्टी एकोणतीस मिनिटांची भरून देऊ. लहान मुलांना वेळ मिळेल, तासांतून चोरीही होणार नाही आणि मामांचा त्रासही वाचेल.

मामांच्या हाती काही उरलं नाही. त्यांची मिनिटं कागदावर आली, आणि कागदावर आली म्हणून यंत्रात जाणार. ते पुन्हा कडीकडे सरकले.

तेव्हा उंचाडी बोलली. आतापर्यंत ती नुसती कागदाचा वरचा कोपरा धरून उभी होती, तेवढ्या उंचीवर दुसऱ्या कुणाचा हात पोचत नव्हता म्हणून.

"पण ती रोज चार नसतात," ती म्हणाली. "चार नुसती सरासरी आहे. कधी दोन लागतात, कधी सहा. सहा लागतात त्या दिवशी एकोणतीसनं भागत नाही, आणि दोन लागतात त्या दिवशी दोन वाया जातात."

"मग रोज किती लागतात ते आधीच कसं कळणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"आधी कळत नाही. पायरीकडे बघावं लागतं."

अध्यक्षांनी भिंतीवरच्या आकड्यांकडे बघितलं, चार, सहा, दोन, पाच, तीन. बराच वेळ बघितलं. मग खिशातलं पत्रक काढलं, उलटंपालटं केलं, आणि त्यात पायरीकडे बघायची सोय नाही हे त्यांनाही मान्य करावं लागलं, निदान पत्रक त्यांनी पुन्हा खिशात तरी घातलं.

समितीचा निर्णय भाऊसाहेबांनी सोमवारी सकाळी सांगितला, दाराकडे न बघता, कारण तो फळ्यावरच लागणार होता. विजेची घंटा येणार. सगळे तास तिच्यावर. मधली सुट्टी मात्र थाळीवर, आणि पहिलीचे डबे बंद होईपर्यंत ती संपणार नाही, कमाल सहा मिनिटं. दुपारचे चारही तास वेळापत्रकातच जरा आखूड करायचे. खाली मोठ्या बाईंची सही. मामांनी तो कागद दोनदा वाचला आणि मागच्या बाजूला काही लिहिलंय का तेही बघितलं.

त्या दुपारी ते हातोडा घेऊन थाळीपाशी उभे राहिले. पहिल्यांदाच परवानगीनं उभे होते, त्यामुळे त्यांना अवघडल्यासारखं झालं. पायरीवर झाकणं वाजत होती. तेवढ्यात बाजूला सावली पडली. चष्मेवाली, एकटीच, हातात वही.

"आता काय राहिलंय?" मामांनी विचारलं. आवाजात जुना संशय पुरता भरलेला.

"एक गोष्ट आमच्याकडून राहून गेली. तुम्ही हे सुरू का केलंत, ते विचारलंच नाही."

मामांनी पायरीकडे बघितलं. टोकाला एक छोटी मुलगी अर्धा घास हातात धरून खांबावर चढणारी मुंगी बघत होती.

"वही मिट," ते म्हणाले.

तिनं मिटली.

"पेन्सिल पण खिशात घाल."

तिनं घातली. मामांनी ती खरंच आत गेली का ते बघून घेतलं, आणि हातोडा खाली धरून, त्या मुलीचा घास तोंडात जाईपर्यंतच्या वेळात, आपल्या लेकीची गोष्ट सांगायला सुरुवात केली.